विश्लेषण : दिवसभर राबणाऱ्या गावाला व्यायामशास्त्र कशासाठी? पदव्युत्तर शिक्षणाच्या वाटा कोणत्या?

‘तुम्ही आठवड्यात किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल करता का?’ तीस वर्षांवरील व्यक्तींच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीआधी आशा सेविका घरोघरी जो अर्ज भरून घेतात, त्यातील हा एक प्रश्न. हालचाल कमी असेल तर एक गुण, पुरेशी असेल तर शून्य. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर आणि घरातील आजारांचा इतिहास यांचे गुण त्यात मिळवले जातात. बेरीज चारपेक्षा जास्त झाली, तर त्या व्यक्तीची तपासणी प्राधान्याने करायची.

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यात ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत हा प्रश्न विचारला, तर उत्तर काय लिहायचे? सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून कापूस वेचणारी बाई ‘मी व्यायाम करत नाही’ असे सांगते. अर्जात तिची हालचाल कमी नोंदवायची की पुरेशी? तिच्या दुखणाऱ्या कमरेचे काय? आणि पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या तिच्या मुलाला कोण सांगणार, की रोज जीव तोडून धावल्याने वेळ कमी होत नाही? हे प्रश्न व्यायामशास्त्र आणि आरोग्य संवर्धन या विषयाचे आहेत. सीमेवरच्या तालुक्यातील पदवीधराने त्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, कुठे घ्यावे आणि त्यातून हाती काय लागते, याचा हा आढावा.

हा विषय नेमका काय आहे?

यात दोन शास्त्रे एकत्र येतात. पहिले व्यायामशास्त्र. हालचाल करताना हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे आणि मेंदू कसे काम करतात, सरावाने त्यांच्यात काय बदल होतात, कुठल्या वयाला आणि आजाराला किती व्यायाम योग्य, हे त्यात शिकवले जाते. दुसरे आरोग्य संवर्धन. लोकांनी निरोगी राहावे यासाठी सवयी, परिसर, धोरणे आणि आरोग्यसेवा कशा बदलता येतील, याचे हे शास्त्र आहे.

एका वाक्यात सांगायचे, तर पहिले शास्त्र ‘किती आणि कसे चालावे’ हे सांगते आणि दुसरे ‘लोक चालत का नाहीत’ याचा शोध घेते. व्यायामशाळेतील प्रशिक्षकाचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि ही पदवी यांत हाच फरक आहे. प्रशिक्षक समोरच्या एका माणसाला व्यायाम शिकवतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला मोजमाप, संशोधन आणि संपूर्ण गावासाठी कार्यक्रम आखणे शिकावे लागते.

या शास्त्राची सुरुवात कशी झाली?

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा पहिला मोठा अभ्यास खेळाडूंवर झाला नाही. तो झाला बसच्या कर्मचाऱ्यांवर. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांच्या चालक आणि वाहकांची तुलना मांडली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त होता, तर दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये कमी. दोघांचा मालक एक, पगार आणि राहणीमानही जवळपास सारखे.

पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी तपासल्या. चालकांच्या पँटचा कमरेचा घेर सुरुवातीपासूनच मोठा असल्याचे त्यातून दिसले. म्हणजे फरक केवळ कामामुळे नव्हता, मुळात त्या कामावर येणारी माणसेही वेगळी होती. ‘अमुक केल्याने तमुक झाले’ असे म्हणण्यापूर्वी दुसरे कारण शोधायचे, ही शिस्त पदव्युत्तर अभ्यासात सर्वांत आधी अंगी बाणवावी लागते. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या आरोग्यसल्ल्यांच्या काळात तर तिची किंमत अधिकच आहे.

शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज असते का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे सांगितली आहेत. या हिशेबात केवळ मैदानावरचा व्यायाम नव्हे, तर कामावरची, घरातली आणि जाण्या-येण्यातली हालचालही धरली जाते. म्हणजे कापूस वेचणारी बाई हालचालीत कमी पडत नाही. तिचे उत्तर चुकते ते ‘व्यायाम’ या शब्दाच्या अर्थामुळे.

मात्र कष्ट आणि व्यायाम एकच नव्हेत. व्यायामात जोर थोडा वेळ वाढतो आणि नंतर विश्रांती मिळते. मजुरीत तासन् तास एकाच स्थितीत वाकून राहावे लागते, वेग आपल्या हाती नसतो, वेचणीचा मोबदला किलोमागे असल्याने थांबणे परवडत नाही. पाठीचे ठरावीक स्नायू थकत राहतात, पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू मात्र त्या प्रमाणात बळकट होत नाहीत. कामावरच्या जड श्रमांमुळे हृदयाला फावल्या वेळातील व्यायामाइतका फायदा मिळतोच असे नाही, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. त्यावर तज्ज्ञांमध्ये अजून चर्चा सुरू आहे.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने पाठदुखी आणि सांधेदुखी हा ग्रामीण भागातील सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याकडे लक्ष वेधले आहे. पाठदुखी म्हणजे म्हातारपण किंवा कामाची सवय नसणे, ही समजूत तिथे टिकत नाही. अशा गावाला ‘रोज चाला’ हा शहरी सल्ला अपुरा आहे. वाकण्याची पद्धत, ओझे विभागून नेणे, दर तासाला दोन मिनिटे पाठ सरळ करणे आणि कमरेभोवतीच्या स्नायूंना बळ देणारे चार-पाच सोपे प्रकार हा तिथला खरा ‘व्यायाम’ ठरतो. तो कोणाला किती द्यायचा, हे ठरवायला शिकलेला माणूस लागतो.

दुसरी बाजूही आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील ४९.४ टक्के प्रौढांची हालचाल अपुरी होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. २००० मध्ये एकूण प्रमाण २२.३ टक्के होते. कोरपना तालुक्यातही एका बाजूला शेतमजूर आहेत, तर दुसऱ्या बाजूला गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारे, ट्रक चालवणारे आणि दुकानात बसणारे. एकाच तालुक्यात दोन प्रकारची शरीरे आहेत आणि दोघांना एकच सल्ला चालत नाही.

पोलीस भरतीच्या धावण्याशी याचा काय संबंध?

चंद्रपूर आणि गडचिरोलीतील हजारो तरुणांसाठी शारीरिक चाचणी हा नोकरीचा दरवाजा आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण धावण्याला आहेत. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर. त्याशिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. तयारी बहुतेक वेळा गावातल्या आधी भरती झालेल्या मुलाला विचारून होते. रोज पहाटे पूर्ण अंतर पूर्ण जोराने धावायचे, हा त्यातला सर्वांत प्रचलित नियम.

व्यायामशास्त्र इथे नेमके उत्तर देते. १६०० मीटर धावण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग प्राणवायूच्या साहाय्याने तयार होतो. ती क्षमता रोजच्या शर्यतीने वाढत नाही. आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल इतक्या संथ गतीने लांब धावणे, एक-दोन दिवस ठरावीक विश्रांतीसह वेगाचे तुकडे आणि एक दिवस पूर्ण आराम, अशा आखणीने ती वाढते. रोज डांबरावर जोराने धावणाऱ्यांच्या नडगीत दुखणे सुरू होते आणि नेमके चाचणीच्या महिन्यात घरी बसावे लागते.

प्रश्न केवळ गुणांचा नाही. झारखंडमध्ये ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे जातो. उष्णतेत शरीर मुख्यतः घाम वाळण्यातून थंड होते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि पाणी कमी पडले तर घामच कमी होतो. उष्णतेला शरीर सरावण्यासाठी साधारण एक ते दोन आठवडे लागतात, त्या काळात श्रम हळूहळू वाढवायचे असतात. हे नियम मैदानावर लागू करणारा माणूस असेल, तर काही जीव वाचू शकतात.

सिकलसेल असलेल्या भागात व्यायाम कसा ठरवायचा?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. या आजारात ‘ग्रस्त’ आणि ‘वाहक’ असा फरक असतो. ग्रस्त व्यक्तीला अति श्रम, थंडी आणि पाण्याची कमतरता यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, त्यामुळे तिचा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरतो. वाहक व्यक्तीचे रोजचे जीवन सहसा सामान्य असते.

मग वाहक तरुणाने भरतीसाठी धावायचे की नाही? अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. वाहक सैनिकांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. मात्र अति श्रमाने स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त होता. या लष्करात पाणी, विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा सराव यांचे नियम सर्वांनाच लागू होते. त्यामुळे वाहकांना मैदानाबाहेर ठेवण्यापेक्षा सर्वांसाठी सराव सुरक्षित करणे, हा त्यातून मिळणारा धडा आहे. मध्य भारतातील सिकलसेलचा जनुकीय प्रकार आफ्रिकी प्रकारांहून वेगळा आहे. त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. इथल्या तरुणांवर इथेच अभ्यास व्हायला हवा.

आरोग्य संवर्धन म्हणजे जनजागृती का?

नाही. भिंतीवर घोषणा लिहिणे आणि पत्रके वाटणे हा त्याचा अगदी छोटा भाग आहे. १९८६ मध्ये कॅनडातील ओटावा येथे मान्य झालेल्या सनदेने या विषयाची चौकट आखली. आरोग्याला पूरक धोरणे, अनुकूल परिसर, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवेची दिशा उपचारांकडून प्रतिबंधाकडे वळवणे, ही त्याची पाच अंगे.

उदाहरण घ्या. मधुमेह झालेल्या बाईला डॉक्टर रोज अर्धा तास चालायला सांगतात. तिच्या गावातला एकमेव सरळ रस्ता अवजड वाहनांचा आहे, पहाटे अंधार असतो, एकटीने चालले तर लोक विचारतात. ती चालत नाही. यात दोष तिच्या इच्छाशक्तीचा म्हणायचा का? शाळेचे मैदान संध्याकाळी तासभर उघडे ठेवणे, दोन दिवे लावणे आणि बचत गटाच्या बायकांनी मिळून चालणे, या तीन गोष्टींनी जो फरक पडेल तो दहा व्याख्यानांनी पडणार नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात असे काम बसवणे हेही आरोग्य संवर्धनच.

गडचिरोलीत याची दोन ठळक उदाहरणे आहेत. ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांच्या काळजीचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या ३९ गावांत नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. २०१६ पासून जिल्ह्यात सुरू असलेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानात दारू आणि खर्रा यांच्याविरुद्ध गावसंघटना, प्रशासन आणि उपचार यांची सांगड घातली आहे. या दोन्ही ठिकाणी पत्रकांपेक्षा माणसे तयार करणे आणि मोजत राहणे महत्त्वाचे ठरले.

महाराष्ट्राला हा विषय नवा आहे का?

मुळीच नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. आज मंडळाच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधन नियतकालिक काढले. शंभर वर्षांपूर्वी ही दृष्टी इथे होती.

अगदी जवळचे उदाहरण २०१८ चे. ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील देवाडा, जिवती आणि बोर्डा येथील आश्रमशाळांतील दहा विद्यार्थी एव्हरेस्ट मोहिमेवर गेले आणि त्यातील पाच जणांनी मे महिन्यात ८,८४८ मीटर उंचीचे शिखर गाठले. राजुरा आणि जिवती हे कोरपनाला लागून असलेले तालुके. या मुलांच्या काटकपणाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण काटकपणा एकटा पुरत नाही. निवड, टप्प्याटप्प्याने कठीण होत जाणारा सराव आणि विरळ हवेला शरीर सरावू देणे, असे व्यायामशास्त्रच त्या यशामागे असते. प्रश्न एवढाच, की ते शास्त्र दहा मुलांपुरते राहावे की प्रत्येक आश्रमशाळेच्या मैदानावर यावे?

पदव्युत्तर शिक्षणाच्या वाटा कोणत्या?

अमेरिकेत काही विद्यापीठांत ‘व्यायामशास्त्र आणि आरोग्य संवर्धन’ याच नावाचा विभाग आहे, उदाहरणार्थ फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठ. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा विषय वेगवेगळ्या पदव्यांत विभागलेला आहे. त्यामुळे आधी दार निवडावे लागते.

१. एम.पी.एड. : शारीरिक शिक्षणातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. यासाठी आधी बी.पी.एड. किंवा समकक्ष पदवी किमान ५० टक्के गुणांनी लागते, राखीव प्रवर्गांना नियमांनुसार सवलत असते. महाराष्ट्रात राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष सीईटी घेतो, त्यात मैदानी चाचणीही असते. केवळ बी.ए. किंवा बी.एस्सी. असेल, तर आधी दोन वर्षांचे बी.पी.एड. करावे लागते. अमरावती, नागपूर आणि पुणे ही राज्यातील जुनी केंद्रे.

२. क्रीडा विज्ञान : ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून काम करते. चंद्रपूर-बल्लारशाहहून दिल्लीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच हे शहर आहे. २०१८ च्या कायद्याने मणिपूरमध्ये राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापन झाले. कर्नाटकातील मणिपाल येथे व्यायाम आणि क्रीडा विज्ञानात एम.एस्सी. आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत क्रीडा पोषणात एम.एस्सी. करता येते. कोरपनासारख्या सीमेवरच्या तालुक्याला हैदराबाद हे मुंबई-पुण्यापेक्षा जवळचे.

३. फिजिओथेरपी : बी.पी.टीएच.नंतर पदव्युत्तर पदवीत क्रीडा, हाडे-सांधे, हृदय-फुप्फुसे किंवा सामुदायिक आरोग्य अशी विशेष शाखा घेता येते. राज्यात बी.पी.टीएच.चा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो, त्यामुळे ही वाट बारावीलाच ठरवावी लागते.

४. एम.पी.एच. : सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी. आरोग्य संवर्धनाचा भाग इथे सर्वांत सखोल शिकायला मिळतो. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, हैदराबाद आणि गांधीनगर येथील भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था ही काही नावे. अनेक ठिकाणी वैद्यकीयेतर पदवीधरांनाही प्रवेश असतो. गोंडवाना विद्यापीठातून विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांत पदवी घेतलेल्यांनी ही वाट जरूर तपासावी.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर योजना आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे. परदेशी शिक्षणासाठीही राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. उत्पन्नाची मर्यादा आणि तारखा दरवर्षी तपासाव्या लागतात.

दोन वर्षांत काय शिकावे लागते?

व्यायाम शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, पोषण, व्यायाम चाचणी, व्यायामाची मात्रा ठरवणे, संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, वर्तनबदलाचे सिद्धांत, कार्यक्रमाची आखणी आणि मूल्यमापन, शेवटी प्रबंध. पदवीनुसार यांचे प्रमाण बदलते. मुखवटा लावून प्राणवायूचा वापर मोजणारी महागडी यंत्रे प्रयोगशाळेत असतात. पण उपकेंद्राच्या ओसरीवर करता येतील अशा चाचण्याही शिकवल्या जातात. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठतो, हाताच्या पकडीत किती जोर आहे, इतक्यातून बरेच कळते.

सर्वांत सोपी आहे ती बोलण्याची चाचणी. हालचाल करताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तर ती मध्यम. चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तर ती जोरकस. हे घड्याळाविना कुणालाही कळते.

बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सत्र जड जाते, हे गृहीत धरून तयारी करावी. संख्याशास्त्राची भीती मात्र घालवावीच लागते. तो या पदवीचा कणा आहे.

नोकरी कुठे मिळते?

इथे स्पष्ट बोलायला हवे. शाळेत शारीरिक शिक्षकासाठी बी.पी.एड. ही मूळ पात्रता आहे. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचे, तर किमान ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. एम.पी.एच. झालेल्यांना आरोग्य अभियान, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन प्रकल्पांत संधी असतात. त्यातील बऱ्याच जागा कंत्राटी असतात. क्रीडा विज्ञान शिकलेले क्रीडा प्रबोधिनी, खेलो इंडिया केंद्रे, खासगी संघ आणि रुग्णालयांकडे वळतात. उद्योगांच्या कामगार आरोग्य विभागांतही या ज्ञानाला वाव आहे.

मोठी अडचण अशी, की व्यायामतज्ज्ञ म्हणून काम करण्यासाठी आपल्याकडे डॉक्टर किंवा परिचारिकेसारखी स्वतंत्र नोंदणी नाही. ऑस्ट्रेलियात अधिकृत व्यायाम शरीरक्रियातज्ज्ञ असतो आणि दीर्घ आजारांच्या रुग्णाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याच्या काही भेटींसाठी सरकारी विम्यातून मदत मिळते. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरांत योग आणि निरोगी जीवनशैलीचे काम अपेक्षित आहे. पण ते मुख्यतः समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा यांच्याच खांद्यावर आहे. तालुका पातळीवर एक प्रशिक्षित व्यायामतज्ज्ञ असावा, हा विचार पदनिर्मितीपर्यंत पोहोचायला हवा. तोपर्यंत केवळ पदवीच्या भरवशावर गावाजवळ नोकरी मिळेल असे मानून दोन वर्षे आणि घरचे पैसे लावणे धोक्याचे.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

- विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का? पदवीचे नेमके नाव काय?
- एम.पी.एड. असेल, तर त्या महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता चालू आहे का? जाहिरातीवर नव्हे, परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावे.
- फिजिओथेरपी न शिकता केवळ क्रीडा विज्ञानाच्या पदवीवर रुग्णांवर उपचार करता येत नाहीत, हे लक्षात ठेवावे.
- शिक्षण शुल्कासोबत वसतिगृह, मेस, प्रवास आणि प्रबंधाचा खर्च धरून दोन वर्षांची बेरीज करावी.
- मागील दोन तुकड्यांतील विद्यार्थी आज काय करतात, हे त्यांच्याशीच बोलून विचारावे.
- प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती आठवड्यांचा आणि कुठे मिळतो, हे पाहावे. शहरातील व्यायामशाळेतच सर्व काम असेल, तर गावात परतून उपयोग कमी.

कोरपना परिसरात अभ्यासाला विषय आहेत का?

भरपूर आहेत. वेचणीच्या हंगामाआधी आठ आठवडे पाठीचे व्यायाम दिले, तर हंगामात दुखणे कमी होते का? भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींच्या नडगीच्या दुखापती सरावाचे वेळापत्रक बदलल्याने घटतात का? पाळ्यांत काम करणाऱ्या कामगारांचा रक्तदाब आणि झोप यांचा संबंध काय? सिकलसेल वाहक तरुणांना उन्हात सरावताना काय जाणवते?

सर्वांत मूलभूत काम तर भाषेचे आहे. या पट्ट्यात मराठीबरोबर गोंडी आणि कोलामी बोलली जाते. कोलाम हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. ‘मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल’ हे शब्द मराठीतच कुणाला कळत नाहीत, तर कोलामीत ते कसे विचारायचे? निंदण, वेचणी, पाणी आणणे, सरपण आणणे अशी कामांची नावे घेऊन वेळ विचारली, तर उत्तर बदलते. जागतिक आरोग्य संघटनेची हालचालीची प्रश्नावली काम, प्रवास आणि विरंगुळा असे तीन भाग पाडते, ते याचसाठी. ती इथल्या बोलींत उतरवून तपासून घेणे हा एका प्रबंधाचा विषय आहे.

पुण्या-मुंबईतून आलेल्या संशोधकाला हे विचारायला दुभाषा लागेल. इथल्या पदवीधराला लागणार नाही. त्यामुळे प्रवेश कुठेही मिळाला तरी प्रबंधासाठी आपला तालुका निवडावा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी आणि आशा सेविकांशी आधीच बोलून ठेवावे, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी वेळेत घ्यावी. असे काम हाताशी असेल, तर पुढे शिष्यवृत्ती, पीएच.डी. किंवा प्रकल्पासाठी अर्ज करताना दाखवायला नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा अधिक काही असते. आणि आशाच्या अर्जातल्या त्या १५० मिनिटांच्या प्रश्नाला तालुक्यातून पहिल्यांदा खरे उत्तर मिळेल.